भाकरीतले लोह

बाजरीची भाकरी हे दख्खनच्या अवर्षणी मुलखातले रोजचे अन्न. ज्या हलक्या, मुरमाड जमिनीत गव्हाचे नाव काढू नये, तेथे दोन-तीन बऱ्या पावसांवर बाजरी उभी राहते. इंदूर-बडोद्याकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही निदान भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होतेच. आज या ओळखीच्या धान्याविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

नोकरीच्या निमित्ताने अशा एका तालुक्यात मी दोन वर्षे होतो. तेथील आरोग्यसेविकेने एकदा लोहाच्या गोळ्यांनी भरलेला डबा माझ्यापुढे ठेवला. बायका गोळ्या नेतात, पण पोटात मळमळते म्हणून चार दिवसांत सोडून देतात, असे तिचे म्हणणे होते. "गोळी खा म्हणून रोज सांगावे लागते साहेब, भाकरी खा म्हणून कोणी सांगत नाही," ती म्हणाली. तिला ठाऊक नव्हते, परंतु शास्त्रज्ञांचा विचारही याच दिशेने चालला होता. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. या रक्तक्षयाचे एकमेव नव्हे, पण मोठे कारण म्हणजे लोहाची उणीव. तेव्हा गोळीतले लोह भाकरीतच आणता आले तर?

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या एका टपोऱ्या दाण्याच्या गावठी बाजरीतून निवडलेला वाण १९८८ साली आपल्याकडे प्रसारित झाला आणि महाराष्ट्रात चांगला रुजला. एकाच वाणाची सर्व झाडे दिसावयास सारखी असली तरी जमिनीतून लोह ओढून दाण्यात साठविण्याची त्यांची शक्ती सारखी नसते. म्हणून या वाणातील निरनिराळ्या झाडांच्या संततीचे दाणे तपासण्यात आले, अधिक लोहाच्या वेचून त्यांचा आपसांत संयोग घडविण्यात आला, आणि त्यातून 'धनशक्ती' हा वाण तयार झाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने तो २०१२ साली महाराष्ट्रासाठी व २०१४ साली साऱ्या देशासाठी प्रसारित झाला. यात परक्या जीवाचा अंश कोठेही घातलेला नाही. आपल्या आज्या बियाण्यासाठी चांगली कणसे बाजूला काढीत, त्याचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती.

धनशक्तीच्या एक किलो दाण्यांत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. रूढ संकरित वाणांत ते बहुधा चाळिशीच्या आसपास. म्हणजे दिवसाकाठी तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्याच्या पोटात तेरा-एकऐवजी एकवीस मिलिग्रॅम लोह जाते. पोटात गेलेले सगळेच रक्तात जाते असे मात्र नाही. दाण्यातील फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते, आणि जेवणावरचा चहा त्यात भर घालतो. भाकरीबरोबर लिंबाची फोड असली तर लोह बरेच सुटते.

मग उपयोग खरोखर होतो काय? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील बारा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींवर याचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना लोहयुक्त बाजरीची आणि काहींना साध्या बाजरीची भाकरी सहा महिने देण्यात आली. आरंभी ज्यांच्या शरीरात लोहाची उणीव होती, त्यांच्यापैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची उणीव भरून निघण्याची शक्यता इतरांपेक्षा ६४ टक्क्यांनी अधिक आढळली. भाकरीसारख्या साध्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा मी तरी करणार नाही.

अडचण आहे ती वेगळीच. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा या देशांत 'अ' जीवनसत्त्व देणारे रताळे पसरले; त्या कार्याशी निगडित तिघा शास्त्रज्ञांना, आणि सकस पिकांच्या चळवळीचे प्रवर्तक हॉवर्थ बौइस यांना, २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. ते रताळे आतून नारिंगी असते. आईला ते दिसते, ओळखू येते. लोहाला रंग नाही. धनशक्तीचे पोते आणि संकरित बाजरीचे पोते बाजारात एकाच ढिगात ओतले जाते, आणि व्यापारी पैसे मोजतो ते वजनाचे. मग शेतकऱ्याने जास्त उताऱ्याचे संकरित बी सोडून हे का पेरावे? घरच्या पिकातून पुढील वर्षाचे बी राखता येते हा धनशक्तीचा लाभ खरा, पण भरघोस कणसापुढे तो थिटा पडतो.

यावर २०१८ साली एक शहाणपणाचा उपाय झाला. अखिल भारतीय बाजरी संशोधन प्रकल्पाने नव्या वाणांना मान्यता देताना किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असण्याची अट घातली. म्हणजे शेतकऱ्याने लोहाचा विचार केला नाही तरी चालेल. संकरित बियाण्यातूनच ते येईल. परंतु ही अट नव्या वाणांपुरती आहे, आणि पेरणाऱ्याच्या पलीकडे खरेदी करणाराही असतो. शाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या यांसाठी धान्य घेणारे सरकार हाच येथे मोठा गिऱ्हाईक. माझ्या हाताखालून धान्यखरेदीच्या पुष्कळ निविदा गेल्या. त्यांत ओलावा किती, खडे किती, किडके दाणे किती, याचे रकाने होते. लोहाचा रकाना मला एकाही कागदावर आढळला नाही. आणि खरे सांगावयाचे तर, त्या वेळी तो असावा असे मलाही सुचले नव्हते.