पेटी बदलायची म्हणजे हृदय बिघडलं असं नाही

मुरुडच्या वाडीवस्तीत, दापोलीच्या बाजारात पेसमेकर लावलेल्या मुलांचे आईबाप भेटतात तेव्हा आम्हाला एकच प्रश्न ऐकू येतो: 'बाई, पुन्हा छाती उघडणार काय?' बहुतेक वेळा नाही. लहानग्यांत पेटी बहुधा पोटाच्या कातडीखाली असते. बॅटरी संपत आली की तेवढीच जागा उघडून नवी पेटी बसवतात; तारा चांगल्या असतील तर त्याच जोडतात. मूल वाढताना तार ताणून तुटली, तर मात्र शस्त्रक्रिया मोठी होते.

बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते. ती संपायच्या काही महिने आधी तपासणीत कळतं, म्हणून मुंबईची फेरी चुकवू नका. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आम्ही जाणतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल आधीच विचारा.

१९५८ साली स्वीडनच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. पुढे त्यांना एकूण २६ लागले. २००१ मध्ये ते गेले तेव्हा ८६ वर्षांचे होते.

पेसमेकरचं कार्ड दप्तरात ठेवा, शाळेतल्या बाईंनाही दाखवा. चक्कर आली, टाक्यांजवळ लाली किंवा सूज दिसली, ताप आला, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.