दिव्याचे चित्र घेताना

घराला नवा रंग दिला, की बैठकीच्या खोलीतली मोकळी भिंत डोळ्यांत भरते आणि आपली पावले फ्रेमवाल्याच्या दुकानाकडे वळतात. तिथे एक चित्र बहुधा दिसतेच. एका हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत सांभाळणारी स्त्री. ‘कुणाचे हो हे चित्र?’ असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘राजा रविवर्म्याचे.’

रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी रंगवले. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची कन्या गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची छापील चित्रे घरोघरी गेली. तेव्हा भिंतीवरचे जुने चित्र म्हणजे रविवर्म्याचेच, असे वाटणे साहजिक आहे.

पण नाव चुकले, की खरेदीही चुकते. रविवर्म्याचे म्हटले, की आपण तैलचित्र समजतो आणि दुकानदार चकचकीत कॅनव्हासवरची, ब्रशचे खोटे फटकारे उमटवलेली प्रत पुढे करतो. हळदणकरांचे चित्र आहे जलरंगातले. त्याची प्रत चमक नसलेल्या, जाड कागदावरच शोभते.

प्रत दुकानाबाहेर उजेडात आणून पाहा. ज्योतीपुढच्या बोटांतून प्रकाश झिरपताना दिसतो का? बोटे नुसती लालभडक दिसली, तर ती प्रत घेऊ नका. या चित्राचा जीवच त्या उजेडात आहे. तयार फ्रेमच्या मापात बसावे म्हणून चित्राच्या कडा कापू देऊ नका. चित्राच्या मापाची फ्रेम करून घ्या.

काच कागदाला टेकता कामा नये. पावसाळ्यात दमट हवेने कागद काचेला चिकटतो, बुरशी धरतो. म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा माउंट हवा, तोही आम्लरहित. साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, तर भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन मात्र टाळाच.

शेवटी मागच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: चित्रकार सावळाराम हळदणकर, जलरंग, मूळ चित्र म्हैसूरला. उद्या नातवंडांनी विचारले, तर घरात तरी खरे नाव सांगितले जाईल.