कापडाचा रंग आणि मेंदूचे छायाचित्र

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की घरातला म्हातारा रोजची वाट चुकू लागला तरी आपण हसतो, नाहीतर चिडतो. हे वय आहे की रोग, असे विचारणारा विरळाच. श्रोतेहो, आम्ही डॉक्टर नव्हे. युनियनच्या धबडग्यातून सवड मिळेल तसे जे वाचले, ते येथे मांडीत आहोत.

१९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप तपासले. पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतागुंत झालेले धागे त्यांना दिसले. पुंजक्यांतले प्रथिन अमायलॉइड आणि धाग्यांतले टाऊ, हे पुढे कळले. परंतु रोगाची खात्री करायची तर माणूस मरावा लागे. ही अडचण जवळजवळ शंभर वर्षे टिकली.

ती सुटली कापडाच्या रंगामुळे! सुतावर रंग बसावा म्हणून पूर्वी ते आधी तुरटीसारख्या क्षारात भिजवावे लागे. १८८४ साली जर्मनीत पेटंट घेतलेला काँगो रेड हा रंग त्या खटाटोपावाचून सुताला धरी. तोच रंग अमायलॉइडच्या तंतूंनाही धरतो, हे १९२२ मध्ये बेनहोल्ड यांनी दाखविले. मात्र या रंगाच्या रेणूवर विद्युतभार असल्याने रक्तातून मेंदूत त्याला मज्जाव होता. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे क्लंक व मॅथिस यांनी वर्षानुवर्षे रेणू जुळवून पाहिले. अखेर थायोफ्लेविन-टी या दुसऱ्या रंगाचा भार काढून त्यांनी नवा रेणू घडविला आणि त्याला किरणोत्सर्गी कार्बन जोडला. २००२ च्या फेब्रुवारीत स्वीडनमधील उप्साला येथे तो प्रथम एका रुग्णाच्या शिरेत टोचण्यात आला. जिवंत माणसाच्या मेंदूतले अमायलॉइड पडद्यावर उजळून दिसले.

हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो. सबब तो इस्पितळाशेजारीच तयार करून तातडीने वापरावा लागतो. पुढे ११० मिनिटांनी निम्मा होणारे फ्लोरिन आले, आणि अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली. टाऊ दाखविणाऱ्यास २०२० मध्ये.

आता सावधगिरीची गोष्ट. स्मरण उत्तम असलेल्या कित्येक वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडते. तेव्हा छायाचित्र उजळले म्हणजे आजोबा गेले कामातून, असे समजू नये. विस्मरणाचा मेळ अमायलॉइडपेक्षा टाऊच्या फैलावाशी अधिक बसतो. उलट अल्झायमरचे म्हणून ज्यांच्यावर नव्या औषधांचे प्रयोग झाले, त्यांतल्या काहींच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच, असे ही छायाचित्रे घेऊ लागल्यावर उघडकीस आले. रोग एक आणि औषध भलत्यावर! आमच्या मते या यंत्राची सर्वांत मोठी कामगिरी ही चूक पकडण्याची आहे.

लेकॅनेमॅब या औषधाच्या १,७९५ लोकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. अठरा महिन्यांत अमायलॉइड खूपच उतरले, हे छायाचित्रांत स्पष्ट दिसले. रुग्णांची घसरण मात्र १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणानेच कमी झाली, आणि काहींच्या मेंदूला सूज आली, काहींना रक्तस्राव झाला.