चकचकीत लुगर स्वस्त का मिळतं?

माझं पीएचडीचं काम स्टीलवर बसणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरांवर आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस नम्रपणे मान डोलावतो आणि विषय बदलतो. म्हणून आज असं उदाहरण घेतोय जिथे या थरांवर लोकांचे खरेखुरे पैसे लागलेले असतात: जुनं जर्मन लष्करी पिस्तूल. त्यातही एकच, 'पिस्तूल 08', ज्याला सगळे लुगर म्हणून ओळखतात. (खरेदीचा सल्ला म्हणून वाचू नका. आपल्याकडे 9 मिमी बोअर सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध आहे. हा बाजार मुख्यतः अमेरिका आणि युरोपातला.)

समजा तुमच्यासमोर दोन लुगर ठेवली. एक काळंभोर, आरशासारखं. दुसऱ्याच्या नळीचं टोक राखाडी पडलंय, कडा झिजल्यात, मुठीच्या पट्टीवर तपकिरी झाक आहे. महाग कोणतं? बहुतेक जण पहिल्याकडे बोट दाखवतील. जाणकार संग्राहक बहुधा दुसरं उचलेल, आणि पहिल्याला निम्मी किंमत द्यायलाही कुरकुर करेल. कारण त्याच्या भाषेत 'कंडिशन' म्हणजे चमक नव्हे. कारखान्यातून निघताना जो पृष्ठभाग होता, त्यातला किती आज शिल्लक आहे, ही कंडिशन.

आता हा पृष्ठभाग बनला कसा ते बघू. जर्मन सैन्याने हे पिस्तूल 1908 मध्ये स्वीकारलं. बर्लिनची डीडब्ल्यूएम कंपनी आणि एरफुर्टचा सरकारी कारखाना ते बनवायचे; 1930 मध्ये काम ओबर्नडॉर्फच्या माउझरकडे गेलं. सुरुवातीची पद्धत होती 'रस्ट ब्लूइंग'. म्हणजे चक्क गंज चढवायचा! भाग पॉलिश करून त्याला आम्लधर्मी द्रावण लावायचं, दमट हवेत ठेवायचं, आणि लालसर गंज आला की उकळत्या पाण्यात घालायचं. त्या उकळण्याने गंजाचं रूपांतर मॅग्नेटाइटमध्ये होतं, जो लोहाचाच काळा, घट्ट चिकटणारा ऑक्साइड. वर राहिलेली भुकटी ब्रशने काढायची आणि सगळं पुन्हा करायचं, बऱ्याच वेळा. यातून मिळणारा निळसर काळा रंग मऊ दिसतो, काचेसारखा झळकत नाही. शिवाय द्रावण बाहेरून लावलेलं असल्यामुळे मुठीच्या पोकळीत आतलं स्टील पांढरंच राहतं.

माझा आवडता भाग मात्र चाप. जुन्या लुगरचा चाप, सेफ्टीचा खटका, मॅगझीन सोडायचं बटण असे काही छोटे भाग गवताच्या काडीसारखे पिवळसर असतात. तो रंग लावलेला नाही. स्टील साधारण 220 ते 240 अंश सेल्सिअसला तापवलं की त्यावर काही दहा नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड बसतो. थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग कटतात, काही उरतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, तसंच. आणखी तापवलं तर थर जाड होतो आणि पिवळ्याचा जांभळा, मग निळा होतो. लोहार छिन्नीला पाणी देताना नेमका हाच रंग डोळ्यांनी मापतो, त्याला कुणी नॅनोमीटर शिकवलेले नसतात.

1937 च्या सुमारास माउझरने पद्धत बदलली. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात भाग सरळ बुडवायचे. काम झटपट, सगळे भाग एकसारखे काळे, चापसुद्धा. आता गंमत बघा. 1917 सालच्या पिस्तुलाचा चाप काळा असेल तर प्रश्न विचारायचा, आणि 1941 सालच्या पिस्तुलाचा चाप पिवळाधमक असेल तरी विचारायचा. मूळ पिवळा थर इतका पातळ असतो की बोटाच्या घर्षणाने जागोजाग उडून जातो. शंभर वर्षांच्या चापावर तो अखंड आणि ताजा दिसला तर मला तरी आनंद होण्याआधी शंका येईल.

दुसरं साधन म्हणजे क्रम. उत्खननात खालचा थर जुना, वरचा नवा, हे आपल्याला माहीत असतं. इथेही तेच. गंजाने स्टीलला बारीक खड्डे पडतात. खड्ड्याच्या तळाशी स्वच्छ काळा रंग बसलेला दिसला, तर रंग खड्ड्यानंतर आला. म्हणजे कुणीतरी नंतर चढवलाय. तसंच ठशांचं. ठसा मारताना धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडा धारदार राहतात. पॉलिशचं चाक फिरलं की त्या कडा गोल होतात, अक्षर उथळ होतं, सपाट भाग किंचित लाटेसारखे दिसायला लागतात. टॉर्च तिरपा धरला की हे कुणालाही दिसतं, प्रयोगशाळा लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेली बरीच पिस्तुलं त्यांच्या कारखान्यांत अशीच पुन्हा बुडवून काळी केली गेली आणि हाताला आले ते सुटे भाग जोडून साठवली गेली. शीतयुद्ध संपल्यावर ती पश्चिमेकडच्या बाजारात आली. ती खोटी नाहीत. त्यांचा इतिहास वेगळा आहे, एवढंच. ती 'मूळ' म्हणून विकली तर मात्र फसवणूक.

सुट्या भागांवरून आकड्यांकडे येऊ. पूर्ण अनुक्रमांक मुख्य भागांवर असतो आणि बहुतेक छोट्या भागांवर त्याचे शेवटचे दोन अंक. सगळे जुळले तर 'मॅचिंग', आणि किंमत उडी मारते. मॅगझीनचा नंबरही जुळला तर विचारूच नका. साल चेंबरच्या माथ्यावर असतं, कधी दोन सालंही: पहिल्या महायुद्धातलं पिस्तूल नंतरच्या छोट्या जर्मन सैन्याने वापरलं, तर त्यावर 1920 चा ठसा जास्तीचा दिसतो. नवख्याला ती चूक वाटते. संग्राहकाला ती नोंद वाटते.

जुळण्याला एवढी किंमत असल्यामुळे नंबर खरवडून नवे मारणारेही आहेत. इथे पुन्हा आमच्या विषयातली एक गोष्ट कामी येते. ठशाच्या घावाने अक्षराच्या खालचं स्टीलसुद्धा, डोळ्याला दिसत नाही इतक्या खोलीपर्यंत, दबलेलं असतं. त्या दबलेल्या धातूवर आम्लाची प्रतिक्रिया आजूबाजूपेक्षा वेगळी होते. म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पृष्ठभाग घासून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण फिरवतात, आणि पुसलेला आकडा काही वेळ पुन्हा उमटतो. गुन्ह्याच्या तपासात ठीक आहे. संग्रहातल्या वस्तूवर हे करायचं नाही, कारण तपासणीतच उरलासुरला मूळ थर जातो.

घरच्या घरी होणारं नुकसान याहून साधं असतं. जुनी शिवराई सापडली की आपण ती चिंचेने घासून लखलखीत करतो, आणि नाणं जमवणारा कपाळाला हात लावतो. लुगरचंही तसंच. स्टीलवूल, गंज काढायचं जेल, पॉलिशची पेस्ट, यातलं काहीही नको. अमेरिकेत एखाद्याच्या आजोबांनी युद्धावरून आणलेलं पिस्तूल ट्रंकेत सापडलं, तर आधी ते रिकामं आहे ना हे जाणत्याकडून बघून घ्यायचं. चेंबरमध्ये गोळी असेल तर एक्स्ट्रॅक्टर वर उचलला जातो आणि त्याच्या बाजूवर 'गेलाडेन', म्हणजे भरलेलं, हा जर्मन शब्द दिसतो. पण निव्वळ त्या शब्दावर भिस्त ठेवू नये. मग जसं आहे तसं, तिरप्या उजेडात, प्रत्येक ठशाचे फोटो. मग मऊ कापडाने तेलाचा हलका हात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही, चामडं ओल आणि आम्ल दोन्ही धरून ठेवतं. आणि त्याच ट्रंकेत कुठे घडी केलेला, अधिकाऱ्याच्या सहीचा, सैनिकाला हे शस्त्र घरी न्यायची परवानगी देणारा कागद असेल, तर तो आधी शोधा. पिस्तुलाचे कितीही फोटो काढले तरी ते कुणी, कुठून आणलं हे फक्त त्या कागदावर असतं.