ए मावशी, अजून वाढ!

मुलांनो, आपल्या मराठीची एक गंमत पाहा. बहुतेक घरांत आईला आपण 'अगं' म्हणतो आणि बाबांना 'अहो'. (हल्ली पुष्कळ घरांत बाबाही 'अरे बाबा' झालेत. माझी काही तक्रार नाही!) म्हणून काय आईचा मान कमी? मुळीच नाही. संत जनाबाईंनी तर आपल्या अभंगांत साक्षात विठ्ठलाला अरे-तुरे केलंय. उलट 'अहो' म्हणूनही अपमान करता येतो. "अहो, कळलं हो!" असं दार आपटून म्हटलं की झालं.

हे सगळं आठवलं ते आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलामुळे. त्याचं नाव सांगत नाही. अभ्यासात बरा, कबड्डीत पहिला.

मी त्या वर्षी जूनमध्येच बदली होऊन आले होते. दुपारी व्हरांड्यात खिचडीची पंगत बसते. शालेय पोषण आहार योजना १९९५ साली सुरू झाली, तेव्हा मुलांना तांदूळ घरी न्यायला मिळायचा. पुढे तो शाळेतच शिजू लागला. शिजवायला गावातल्याच बायका. तांदूळ निवडा, डाळ धुवा, ते भलंमोठं पातेलं उतरवा, वाढा, पुन्हा घासा. मानधन तुटपुंजं.

तर हा मुलगा ताट पुढे करून ओरडला, "ए मावशी, अजून वाढ!" पंगत खो खो हसली. त्या बाईंनी मुकाट्यानं वाढलं. मी रागावायला पुढे झाले, तोच दुसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, ती त्याची आईच आहे."

मला काही बोलताच येईना.

सुट्टीनंतर त्या भांडी घासत होत्या. मी विषय काढला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. पोरं त्याला 'खिचडीवालीचा' म्हणून चिडवत्यात. मीच म्हणलं, शाळेत मावशी म्हण."

'मावशी' आईनं सांगितलं होतं. 'ए' त्याचा स्वतःचा.

पण मी त्याला कोणत्या तोंडानं रागावणार? माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी नववीत असताना ते माझा विसरलेला डबा घेऊन वर्गाच्या दारात आले, तसेच, ग्रीसच्या हातांनी. मैत्रिणी बघत होत्या. संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "तुम्ही पुन्हा शाळेत येऊ नका." अगदी 'तुम्ही' म्हणून, अदबीनं. ते पुन्हा आले नाहीत. दहावीच्या निरोप समारंभालासुद्धा नाही.

एवढंच मी त्या मुलाला सांगितलं. तो नखं कुरतडत उभा राहिला आणि घंटा झाल्यावर निघून गेला.

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. त्या बाईंना आम्ही शिक्षकच "अगं ए, चहा ठेव" म्हणत होतो. मुलं ऐकत होती! भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, वॉचमनशी आपण कसं बोलतो, तेही ती ऐकतच असतात. त्यांचं नाव विचारायला मला दोन महिने लागले. आता आम्ही सगळे त्यांना नावापुढे 'ताई' लावून हाक मारतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. पंगत बसली होती. ताई नेहमीसारख्या साडीच्या पदरानंच पातेलं उतरवायला वाकल्या. इतक्यात रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला,

"अगं आई, फडकं घे ना, भाजेल!"