लोहमार्गाचे रुंदीकरण आणि शेतकऱ्याचा माल

पीक खळ्यावर आले म्हणजे शेतकऱ्याचे निम्मे काम झाले असे समजावे. उरलेले निम्मे काम वाहतुकीचे असते. माल न सांडता, न भिजता व न कुजता बाजारात पोहोचला तरच श्रमाचे चीज होते. तसेच खत, बियाणे व पेंड वेळेवर गावात आली तरच पुढचा हंगाम साधतो. आपल्या पठारी मुलखात जड माल दूरवर नेण्यास रेल्वेइतके स्वस्त साधन दुसरे नाही. म्हणूनच आपल्या भागातील जुना लोहमार्ग सुधारला जाणार ही वार्ता ऐकून गावोगाव समाधान वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु हे काम किती अवघड असते, आणि ते पुरे झाल्यावरही त्याचा लाभ शेतकऱ्याच्या पदरात आपोआप का पडत नाही, याचा विचार गावकऱ्यांनी वेळीच केला पाहिजे. त्यासाठी आपल्याच राज्यातील एका मार्गाचा इतिहास पाहू.

बार्शी लाइट रेल्वे

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी व लातूर यांना जोडणारा लोहमार्ग जुन्या पिढीला ‘बार्शी लाइट’ या नावाने परिचित आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तो काढला. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज त्यास जोडले गेले. मार्गाची एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. १ जानेवारी १९५४ रोजी तो सरकारच्या मालकीचा झाला.

या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. वाघिणीच्या एका आसावर ५ टनांहून अधिक भार पडू नये अशी कॅल्थ्रॉप यांची मूळ योजना होती. त्यामुळे वारास ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, पूल लहान चालले व खर्च थोडा आला. पंढरीचे वारकरी, कापूस आणि भुईमूग यांची वाहतूक या लहानशा गाडीने अनेक वर्षे केली. लातूरच्या बाजारपेठेची भरभराट होण्यास तिचा हातभार लागला.

परंतु कुर्डुवाडीस मुंबई–सोलापूर मार्गाचे रूळ साडेपाच फुटी, म्हणजे १,६७६ मिलिमीटर अंतराचे होते. त्यामुळे लातूरहून निघालेले प्रत्येक पोते तेथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. हमाली दोनदा पडे, बारदान फाटे, माल सांडे, आणि मोठी वाघीण मिळेपर्यंत तो धक्क्यावर पडून राही. अंतर वाढले नाही तरी खर्च वाढे. रुंदीकरणाची मागणी यातूनच पुढे आली.

काम लांबते का?

रुंदीकरण म्हणजे जुने रूळ उखडून थोड्या अंतरावर नवे ठोकणे, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. आज बहुतेक ब्रॉडगेज मालमार्गांवर एका आसावर २२.९ टन भार धरला जातो. चार आसांची भरलेली वाघीण त्यामुळे ९० टनांच्या घरात जाते. त्याच चार आसांवर बार्शी लाइटची मूळ मर्यादा २० टनांची होती. एवढा मोठा भार पेलण्यासाठी भराव, मोऱ्या, पूल व रूळ हे सर्व नव्याने करावे लागते. लहान गाडी जेथे सहज वळते, तेथे मोठ्या गाडीस सौम्य वळण लागते. जेथे ती चढते, तेथे चढ कमी करावा लागतो. परिणामी मार्ग जुन्या जागेवरून सरकतो व नवी जमीन घ्यावी लागते.

काळ्या जमिनीची अडचण तर शेतकऱ्यास सांगावयास नको. जी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर जड गाडीचा भराव स्थिर राहत नाही. त्यासाठी चांगल्या मुरमाचे थर देऊन ते दाबून घ्यावे लागतात आणि पाण्याचा निचरा साधावा लागतो. यात कसर झाली तर रूळ खचतात व गाड्यांचा वेग कमी करावा लागतो.

आणखी एक अडचण टप्प्यांची. पैसा वर्षावर्षाच्या अंदाजपत्रकातून मिळत असल्याने काम तुकड्यातुकड्याने होते. बार्शी मार्गावर कुर्डुवाडी–पंढरपूर भाग २००१ च्या सुमारास रुंद झाला. लातूर–उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हा भाग २००७ मध्ये व तेथून कुर्डुवाडीपर्यंतचा भाग २००८ मध्ये झाला. पंढरपूर–मिरज भागाचे काम त्यानंतर पुरे झाले. मधला एक तुकडा जरी अरुंद राहिला तरी पोती उतरविण्याचे ठिकाण केवळ एका स्थानकावरून दुसऱ्यावर जाते. दुहेरी हमाली सुटत नाही. साखळीची शेवटची कडी जुळल्यावाचून पहिल्या कडीवरील खर्चाचे पूर्ण फळ मिळत नाही.

२०१६ चा अनुभव

या सर्व खटाटोपाचे मोल काय, हे २०१६ च्या उन्हाळ्यात दिसून आले. मांजरा धरण आटले आणि लातूर शहरास पिण्याचे पाणी उरले नाही. तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने नेण्याचे ठरले. पंढरपूर, कुर्डुवाडी या मार्गाने सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरास पोहोचली. तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर, म्हणजे अडीच हजार टन पाणी नेऊ लागली. जुन्या अडीच फुटी मार्गावर अशी एक वाघीणसुद्धा चालविता आली नसती. थोड्याच वर्षांपूर्वी झालेले रुंदीकरण असे एका शहराच्या कामी आले.

या प्रसंगातून दुसरा बोधही घेण्यासारखा आहे. मार्ग तयार होता. परंतु मिरजेस एवढ्या वाघिणी लवकर भरण्याची सोय तयार नव्हती. त्यासाठी नवी नळवाहिनी टाकावी लागली. लातुरासही गाडीतील पाणी उतरवून साठविण्याची व पुढे टँकरने वाटण्याची व्यवस्था करावी लागली. सारांश, लोहमार्गाचे सामर्थ्य त्याच्या दोन टोकांवरील सोयींवर अवलंबून असते. पाण्यास जे लागू, तेच धान्यास व खतासही लागू आहे.

मोठी गाडी, मोठी मागणी

लहान गाडीच्या काळात व्यापारी जवळच्या स्थानकावर थोडी पोती आणून देई व ती रवाना होत. आजची मालवाहतूक मुख्यतः पूर्ण गाडीच्या, म्हणजे रेकच्या हिशेबाने चालते. बंद वाघिणींच्या एका रेकमध्ये अडीच हजार टन किंवा त्याहून अधिक माल मावतो. ५० किलोच्या पोत्यांत हिशेब केला तर ही ५० हजार पोती होतात. एवढा माल एका ठिकाणी, एका दिवशी, ठरलेल्या तासांत चढवावा लागतो. उशीर झाल्यास वाघिणी अडवून ठेवल्याबद्दल डेमरेज पडते आणि धक्क्यावर माल राहिल्यास व्हार्फेज द्यावे लागते. सर्व स्थानकांवर अशी सोय करणे शक्य नसते, म्हणून मालाचे काम मोजक्या धक्क्यांवर एकवटते. अशा रीतीने रूळ रुंद होतात, परंतु लहान शेतकरी मात्र रुळांपासून दूर पडतो.

स्थानकाची जागा बदलण्याचाही परिणाम होतो. रुंदीकरणात मार्ग वळवून उस्मानाबाद शहर प्रथमच या मार्गावर आणले गेले; हा त्या जिल्ह्याचा मोठा लाभ होय. उलट लातूरचे जुने स्थानक शहराच्या मध्यवस्तीत होते, तर नवे शहराबाहेर झाले. अशा वेळी बाजार समितीपासून नव्या धक्क्यापर्यंत पक्का रस्ता नसेल, तर रेल्वेच्या भाड्यात वाचलेले पैसे ट्रकच्या भाड्यात जातात.

थोड्या मालासही रेल्वेत जागा देता येते, हे किसान रेलने दाखवून दिले. याच मार्गावरील सांगोला स्थानकातून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल पश्चिम बंगालमधील शालीमारकडे निघाली. डाळिंब, द्राक्षे, सिमला मिरची, शेवगा, कांदा असा विविध माल तीत होता. वाटेतील स्थानकांवर माल चढविण्याची मुभा होती आणि किमान वजनाची अट नव्हती. त्या वेळी फळे व भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलतही दिली गेली. अवर्षणप्रवण सांगोल्याचे डाळिंब गाडी न बदलता बंगालपर्यंत जाऊ शकले, ते रूळ रुंद होते म्हणूनच.

जेथे काम राहिले

विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग ‘शकुंतला’ या नावाने प्रसिद्ध आहे. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुरास आणून तेथून मुंबईकडे पाठविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला. त्याची लांबी सुमारे १९० किलोमीटर असून तोही अडीच फुटी आहे. देशातील इतर रेल्वे सरकारी झाल्या तरी याची मालकी खाजगी कंपनीकडे राहिली आणि गाड्या मात्र सरकारी रेल्वेने चालविल्या. अशा स्थितीत सुधारणेचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. वाफेचे इंजिन तेथे १९९४ पर्यंत धावत होते. पुढे रूळ जीर्ण झाले आणि गाड्या बंद पडल्या. कापूस पिकविणाऱ्या गावांस आता मोटाररस्त्यावाचून गत्यंतर नाही. सुधारणा लांबली तर असलेली सोयही कशी जाते, याचे हे उदाहरण होय.

गावाने काय करावे?

आपल्या भागात मार्ग सुधारण्याचे काम निघाल्यास शेतकरी बंधुभगिनींनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. जमिनीची मोजणी होताना स्वतः हजर राहावे. सातबाऱ्यावरील वारसांच्या नोंदी आधीच पुऱ्या कराव्यात. विहीर, झाडे व जलवाहिनी यांची नोंद पंचनाम्यात झाल्याची खात्री करावी. मोबदल्यास होणारा विलंब पुष्कळदा अपुऱ्या कागदपत्रांमुळे होतो.

२. उंच भरावाने पावसाचे पाणी अडते. ओढ्यानाल्यांचे जुने मार्ग व पुराच्या खुणा अभियंत्यास जागेवर नेऊन दाखवाव्यात. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये लगतच्या जमिनींसाठी ओलांडमार्ग, मोऱ्या व नाले करण्याची तरतूद आहे. आणि ही कामे मार्ग तयार होत असताना किंवा त्यानंतर लगेच व्हावयाची असतात. म्हणून ग्रामसभेचा ठराव करून मागणी वेळेतच लेखी द्यावी.

३. ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याची फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत बंद करण्यात आली. अनेक ठिकाणी त्यांच्या जागी भुयारी मार्ग झाले आहेत. उसाची भरलेली ट्रॉली किंवा कडब्याची गाडी त्यातून जाईल एवढी उंची आहे काय, आणि पावसाळ्यात तेथे साचणारे पाणी कोठे जाईल, हे आराखडा पाहतानाच विचारावे.

४. मालधक्का कोणत्या स्थानकावर राहणार, तेथे शेड, काटा व पक्का रस्ता होणार काय, याची चौकशी बाजार समितीमार्फत करावी.

५. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था यांच्याद्वारे माल एकत्र करण्याची सवय आतापासून लावावी. एकाच प्रतीचा, एकाच मापाच्या बारदानातील व वजन केलेला माल तयार असेल तरच ठरलेल्या तासांत गाडी भरता येते.

रूळ टाकण्याचे काम रेल्वेचे आहे. त्या रुळांपर्यंत आपला माल नेण्याची तयारी मात्र गावाने करावयाची आहे. मिरजेचे पाणी लातुरास पोहोचले ते दोन्ही टोकांस माणसे सज्ज होती म्हणून. अशीच सज्जता प्रत्येक स्थानकाच्या परिसरातील गावांनी ठेवली, तर रुंद झालेल्या मार्गाचा लाभ शेतकऱ्याच्या घरापर्यंत आल्यावाचून राहणार नाही.