पेट्रोल पंपाला लागून घर : घ्यावं की नाही?

या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.

विषय घरातलाच आहे. पवनीत बाबांना एक तयार घर दाखवलं गेलं. रस्त्यालगत, दोन बेडरूम, अंगण, बोअरवेल. आजूबाजूच्या भावापेक्षा सात लाखांनी स्वस्त. कारण उघड होतं: भिंतीपलीकडे पेट्रोल पंप. काकांचं पहिलं वाक्य, "पंपापाशी घर? काऊन बापा?" आणि बाबांचं उत्तर, "इतकी वर्षं पंप आहे, काही झालं का?"

दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर होतं. म्हणून मी नीट वाचायला बसलो.

आधी नियम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नवीन पंप शाळा, 10 किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांच्यापासून 50 मीटरच्या आत नसावा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करावे लागतात, पण 30 मीटरच्या आत कोणत्याही परिस्थितीत नाही. हे अंतर पंपाच्या गेटपासून मोजायचं नसतं. टँकर रिकामा करण्याची जागा, पेट्रोल भरण्याची मशीन आणि व्हेंट पाइप, यांपैकी जे सगळ्यात जवळ असेल तिथून मोजायचं.

इथे मेख आहे. हा नियम *नवीन पंपासाठी* आहे. पंप जुना असेल आणि घर नंतर बांधलं असेल, तर ही सूचना तुमच्या मदतीला येत नाही. "सगळं परमिशनने आहे" हे विकणाऱ्याचं वाक्य खरं असू शकतं, तरी त्याचा अर्थ अंतर सुरक्षित आहे असा होत नाही.

मग वाफ. आपण घाबरतो आगीला, पण रोजचा प्रश्न वाफेचा आहे. जमिनीखालच्या टाकीत जागा रिकामी असते तेव्हा ती पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. टँकरने 12,000 लिटर पेट्रोल ओतलं की जवळपास तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाते. ती टँकरमध्ये परत घेणारी नळी जोडली असेल तर ठीक, नाही तर ती व्हेंट पाइपमधून वर जाते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून वारा पडलेला असला की खाली बसते. डिझेल फारसं उडत नाही. त्यामुळे ट्रकांना डिझेल विकणारा पंप आणि दुचाकींना पेट्रोल विकणारा पंप यांत फरक आहे.

या वाफेत बेंझिन असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणारं, असं ठेवलंय. भारतात हवेतली त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. फ्रान्समधल्या 2004 च्या एका अभ्यासात पंप किंवा गॅरेजशेजारी राहणं आणि मुलांमधला ल्युकेमिया यांत संबंध दिसला होता. अशा अभ्यासात मुलांची संख्या कमी असते आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. पण घरात तान्हं बाळ असेल तर मी तो बाजूला टाकणार नाही.

आग. 13 मे 2024 ला घाटकोपरला पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळलं, 17 जण गेले. तिथे जीव घेतला तो होर्डिंगने, स्फोटाने नाही. पण खाली इंधन असल्यामुळे सुटकेसाठी गॅस कटर सरळ वापरता येईना. पंप सहसा फुटत नाही. पण शेजारी दुसरं काही घडलं तर मदत अवघड करतो.

पाणी. पवनीसारख्या गावात ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा मोठी आहे, कारण आपण विहीर-बोअरवर असतो. जुन्या टाकीला गळती लागली तर ती वर दिसत नाही, भूजलात उतरते. त्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. नुसता वास घेऊन भागत नाही.

मग पाहायचं काय? स्वतः टेप घेऊन व्हेंट पाइपपासून झोपायच्या खोलीच्या खिडकीपर्यंत अंतर मोजा. टँकर कधी येतो ते विचारा आणि त्या वेळी अंगणात उभे राहा. एक रात्र तिथे काढा: रेतीच्या ट्रकांचे हॉर्न, जनरेटर, दिव्यांचा झगझगाट. पंपाचा परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. सातबारा, एनए आणि नगर परिषदेची बांधकाम परवानगी तर पाहायचीच. शेवटचं, जो स्वस्त भाव आज तुम्हाला मिळतोय, तोच उद्या विकताना तुम्हाला द्यावा लागेल. सात लाख वाचले असं समजू नका, ते तिथेच अडकलेत.

आम्ही मोजलं. खिडकी ते व्हेंट पाइप, 19 मीटर. पंप जुना, म्हणून नियमभंग कुणाचाच नाही. पण नवीन पंपाला जिथे 30 च्या आत उभंही राहू देत नाहीत, तिथे वहिनीचं सात महिन्यांचं बाळ 19 वर झोपणार होतं. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुकान असतं तर घेतलं असतं."

मला वाटतं तेच बरोबर उत्तर आहे. दिवसाचे आठ तास आणि रात्रीची झोप यांत फरक असतो. अंतर 50 च्या पुढे असतं, पाणी स्वच्छ निघालं असतं, तर मीच म्हणालो असतो, घ्या.

तुमच्या घराजवळ पंप असेल तर आज टेप काढा आणि आकडा कळवा. भेटू पुढच्या भागात.